एक सर्व्हर बंद पडला तर त्याच्या नोंदी कुठे जातात? हाय अव्हेलेबिलिटीमधलं लॉगिंग, सोप्या मराठीत

तुम्ही फोनवरून पैसे पाठवता, तिकीट काढता, जेवण मागवता. स्क्रीनवर बटण एकच दिसतं, पण त्याच्या मागे बहुतेक वेळा अनेक सर्व्हर असतात. त्यातला एक बंद पडला तर दुसरा काम हातात घेतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. या व्यवस्थेला हाय अव्हेलेबिलिटी म्हणतात. आम्ही ऑफिसात नुसतं 'एचए' म्हणतो.

एचए असली की सेवा चालू राहते. पण त्या गडबडीत नेमकं काय घडलं, कुठल्या सर्व्हरवर घडलं, आधी काय आणि नंतर काय, हे सांगणाऱ्या नोंदी टिकतीलच असं नाही. त्यांची सोय वेगळी करावी लागते. हे मी कॉलेजात नाही, चाकणच्या एका कारखान्यात शिकलो.

लेबल दोन, ट्रॉली एक

मी तळवड्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आमचा एक ग्राहक चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवतो. तिथे तयार मालाची ट्रॉली हँडहेल्ड स्कॅनरने स्कॅन केली की सर्व्हर तिचं लेबल छापतो. लेबल लागलं की ट्रॉली ट्रकमध्ये जाते आणि थेट गाड्यांच्या कंपनीच्या लाइनवर पोचते. या पट्ट्यात माल साठवून ठेवत नाहीत, लागेल तसा मागवतात. म्हणून लेबल चुकलं तर ट्रक गेटवरच अडतो.

एके रात्री तिसऱ्या पाळीत एकाच नंबरची दोन लेबलं छापली गेली. दुसरं लेबल दुसऱ्याच ट्रॉलीला लागलं आणि ट्रक परत आला. सकाळी रिपोर्ट काढला. त्यात एकाच ट्रॉलीचे दोन स्कॅन दिसत होते, एक रात्री २:११ ला आणि एक २:१४ ला. निष्कर्ष पाच मिनिटांत निघाला: ऑपरेटरने दोनदा स्कॅन केलं. तो लातूरकडचा, ठेकेदाराकडून आलेला मुलगा. त्याला 'उद्यापासून येऊ नको' असं सांगायची तयारी झाली होती.

तो मला एवढंच म्हणाला, "सर, मी एकदाच स्कॅन केलंय. पाहिजे तर चेक करा."

चेक करायला मी बसलो, तेव्हा कळलं की आमच्याकडे चेक करण्यासारखं किती कमी आहे.

लॉग म्हणजे काय?

कारखान्याच्या गेटवर वॉचमनकडे आवक-जावक रजिस्टर असतं. गाडी आली की वेळ, नंबर आणि कुणाकडे चालली हे तो एका ओळीत लिहितो. आधीची ओळ खोडत नाही, नवीन ओळ खाली लिहितो. सॉफ्टवेअरचा लॉग असाच असतो. प्रोग्राम चालताना प्रत्येक महत्त्वाच्या घटनेची एक ओळ लिहीत जातो. चांगल्या ओळीत किमान पाच गोष्टी असतात: वेळ, कुठला सर्व्हर, किती गंभीर, काय झालं आणि कुठल्या विनंतीसाठी झालं.

यासाठी सगळ्यात जुनी, अजूनही वापरात असलेली पद्धत म्हणजे सिसलॉग. एरिक ऑलमन यांनी ती १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल सॉफ्टवेअरसाठी तयार केली आणि पुढे ती सगळीकडे पसरली. तिचं आजचं प्रमाणित रूप २००९ सालचं आहे. त्यात गंभीरतेच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. ० म्हणजे सिस्टिम वापरण्यासारखी राहिलेली नाही, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे साधी माहिती आणि ७ म्हणजे फक्त प्रोग्रामरच्या कामाचा तपशील. आकडा जितका लहान, तितकी घटना गंभीर.

एचएमध्ये सर्व्हर कसे मांडतात?

मुख्य प्रकार दोन.

पहिल्या प्रकारात एक सर्व्हर काम करतो आणि दुसरा तयारीत बसून असतो. दोघं एकमेकांना ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवतात. निरोप यायचे थांबले की बसलेला सर्व्हर उठतो आणि पहिल्याचा नेटवर्क पत्ता स्वतःकडे घेतो. याला फेलओव्हर म्हणतात. चाकणला आमची हीच मांडणी होती. त्या दोन सर्व्हरना आपण 'क' आणि 'ख' म्हणू.

दुसऱ्या प्रकारात सगळे सर्व्हर एकाच वेळी काम करतात आणि पुढे बसलेला लोड बॅलन्सर येणाऱ्या विनंत्या त्यांच्यात वाटतो. तुमच्या फोनमधली मोठी अॅप्स साधारण अशीच चालतात. इथे तुमची पहिली विनंती एका सर्व्हरवर आणि पुढची दुसऱ्याच सर्व्हरवर जाऊ शकते. शिवाय सर्व्हरला सगळ्या विनंत्या लोड बॅलन्सरच्याच पत्त्यावरून आलेल्या दिसतात. मूळ फोनचा पत्ता पुढे पाठवायची सेटिंग केली नाही, तर लॉगमध्ये कोण आलं होतं ते कळतच नाही.

कारखान्याला दोन गेट असावीत आणि प्रत्येक गेटवर वेगळा वॉचमन, वेगळं रजिस्टर, तसं हे आहे. एकच रजिस्टर वाचून पूर्ण गोष्ट समजत नाही. यातून तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण: मशीन गेलं की नोंदीही गेल्या

लॉग सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर लिहिला आणि डिस्क बिघडली, तर ज्या घटनेचा शोध घ्यायचा तिच्याच नोंदी हातातून जातात. आजकाल तर यासाठी डिस्कही बिघडावी लागत नाही. बरंच सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालतं. डॉकरच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये कंटेनरचा लॉग त्या कंटेनरबरोबरच राहतो. कंटेनर नुसता थांबवला तर लॉग राहतो, पण पुसून नवा बनवला तर जुना लॉग जातो. आणि काही बिघडलं की सगळ्यात आधी आपण काय करतो? पुसतो आणि नव्याने चालू करतो.

त्या रात्री 'क' वरचा कंटेनर कुणीतरी थांबवून शेजारी नवा चालू केला होता. जुना पुसायचा राहून गेला होता. मला 'क' चा लॉग मिळाला तो निव्वळ या विसराळूपणामुळे.

दुसरी अडचण: दोन सर्व्हर, दोन घड्याळं

प्रत्येक सर्व्हरमध्ये क्वार्ट्झवर चालणारं घड्याळ असतं. ते अगदी बरोबर चालत नाही. दहा लाखांत २० भाग इतकी चूक असेल, तर दिवसाला साधारण १.७ सेकंदांचा फरक पडतो. हातातल्या घड्याळाला एवढा फरक चालून जातो. पण सर्व्हर एका सेकंदात शेकडो कामं करतो, त्यामुळे एवढ्याने आधीचं नंतर दिसतं आणि नंतरचं आधी.

म्हणून सर्व्हर आपलं घड्याळ दुसऱ्या भरवशाच्या घड्याळाशी सतत जुळवत राहतात. हे ज्या नियमांनी होतं त्याला एनटीपी म्हणतात. डेव्हिड मिल्स यांनी ते तयार केलं आणि १९८५ मध्ये त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. एकाच इमारतीच्या नेटवर्कवर एनटीपीमुळे फरक मिलिसेकंदांत राहतो. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा सांभाळते.

मी 'क' आणि 'ख' वर एकाच क्षणी वेळ विचारली. 'ख' ३ मिनिटं ३८ सेकंद पुढे होता. कारण शोधलं तर साधं निघालं. साधारण चार महिन्यांपूर्वी फायरवॉलचे नियम बदलले होते आणि त्यात 'ख' चा एनटीपीचा रस्ता बंद झाला होता. तेव्हापासून घड्याळ रोज पावणेदोन सेकंद पुढे सरकत होतं. 'ख' बसून असायचा, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

घड्याळाचा आणखी एक घोळ भारतात नेहमी दिसतो. एक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत लिहितो, दुसरा भारतीय वेळेत. मग नोंदींमध्ये साडेपाच तासांची फट पडते. उपाय सोपा आहे: सगळ्या सर्व्हरवर जागतिक वेळच लिहायची, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहायची आणि माणसाला दाखवताना भारतीय वेळेत बदलून दाखवायची.

तिसरी अडचण: ही तीच विनंती आहे का?

घड्याळं कितीही जुळवली तरी दोन नोंदी एकाच कामाच्या आहेत की वेगवेगळ्या, हे नुसत्या वेळेवरून ठरत नाही. लेस्ली लॅम्पोर्ट या संगणक शास्त्रज्ञाने १९७८ मध्येच एका शोधनिबंधात दाखवलं होतं की अनेक संगणकांच्या व्यवस्थेत घटनांचा क्रम भिंतीवरच्या घड्याळाशिवायही लावता येतो. निरोप पाठवणं हे तो मिळण्याच्या आधीच घडलेलं असतं, या साध्या गोष्टीवर त्याची मांडणी उभी आहे.

रोजच्या कामात यासाठी विनंती क्रमांक वापरतात. विनंती पहिल्यांदा तयार झाली की तिला एक वेगळा क्रमांक द्यायचा. ती ज्या ज्या सर्व्हरवरून जाईल, त्याने लॉगमध्ये तोच क्रमांक लिहायचा. कुरिअरच्या पाकिटाला पिंपरीत मिळालेला नंबर नागपूरपर्यंत बदलत नाही, तसंच.

त्या रात्री नेमकं काय झालं?

सकाळच्या रिपोर्टमध्ये फक्त ट्रॉलीचा नंबर आणि वेळ होती. मूळ लॉगमध्ये विनंती क्रमांकही होता. वाचायला सोपं जावं म्हणून त्या ओळी मराठीत देतो:

०२:११:०५ | क | विनंती ७८४१२ | स्कॅन मिळाला, लेबल छापायला पाठवलं
०२:१४:४८ | ख | विनंती ७८४१२ | स्कॅन मिळाला, लेबल छापायला पाठवलं

क्रमांक एकच. आता 'ख' च्या वेळेतून ३ मिनिटं ३८ सेकंद वजा करा: ०२:११:१०. म्हणजे दोन नोंदींमध्ये पावणेचार मिनिटं नाही, फक्त ५ सेकंद होती.

तिसरा साक्षीदार होता तो हँडहेल्ड स्कॅनर. तो म्हणजे एक मजबूत अँड्रॉइड फोनच असतो. त्याच्या अॅपच्या लॉगमध्ये एकच स्कॅन होता. त्यानंतर ५ सेकंदांनी 'उत्तर आलं नाही, पुन्हा पाठवतो' अशी ओळ होती. ती अॅपने स्वतःहून केलेली कृती होती, माणसाने नाही. आणि ते अॅप आमच्याच कंपनीने लिहिलेलं होतं.

सगळं जोडल्यावर गोष्ट अशी निघाली. 'क' ने स्कॅन घेतला, लेबल छापायला पाठवलं आणि लगेच त्याचा नेटवर्क स्विच काही सेकंद अडकला. स्कॅनरला उत्तर पोचलं नाही. 'ख' ला निरोप मिळाले नाहीत, म्हणून तो उठला आणि त्याने काम हातात घेतलं. 'क' मधल्या डेटाची प्रत 'ख' कडे थोड्या उशिराने जायची, त्यामुळे हा क्रमांक आधी येऊन गेलाय हे 'ख' ला माहीतच नव्हतं. स्कॅनरने तीच विनंती पुन्हा पाठवली आणि 'ख' ने प्रामाणिकपणे दुसरं लेबल छापलं.

मी तिन्ही लॉग एका कागदावर वेळेप्रमाणे लावून मीटिंगमध्ये ठेवले. तो मुलगा कामावर राहिला. पण त्या दिवशी घरी जाताना एकच विचार डोक्यात होता: तो जुना कंटेनर कुणी पुसला असता तर?

नोंदी एका जागी कशा आणायच्या?

नंतर आम्ही जे केलं, ते कुठल्याही मोठ्या कंपनीत थोड्याफार फरकाने असंच असतं. त्याचे चार टप्पे आहेत.

१. गोळा करणारा. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम बसवतात. फ्लुएंट बिट, फाइलबीट, आरसिसलॉग ही त्यातली काही नावं. तो लॉगची नवी ओळ दिसली की उचलतो आणि आपण कुठपर्यंत वाचलं याची खूण ठेवतो.

२. वाहतूक. सिसलॉगची जुनी पद्धत यूडीपी वापरते. त्यात ओळ पोचली की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही, नेटवर्कवर गर्दी झाली की ओळी गळतात. म्हणून महत्त्वाच्या नोंदींसाठी टीसीपी आणि त्यावर एन्क्रिप्शन वापरतात. नेटवर्कच बंद असेल तर गोळा करणाऱ्याने ओळी डिस्कवर रांगेत ठेवायच्या आणि रस्ता उघडला की पाठवायच्या.

३. साठवण. जिथे नोंदी जमा होतात ते मशीन वेगळं हवं, आणि तेही एकटं नको. नाहीतर सगळी अंडी पुन्हा एकाच टोपलीत. मोठ्या ठिकाणी मध्ये काफ्का ठेवतात. लिंक्डइनमध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात एका नोंदीच्या बहुधा तीन प्रती तीन मशीनवर ठेवतात.

४. शोध. इलास्टिकसर्च किंवा लोकी यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये विनंती क्रमांक टाकला की सगळ्या सर्व्हरच्या ओळी क्रमाने समोर येतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, पोचपावती वाटेत हरवली तर गोळा करणारा तीच ओळ पुन्हा पाठवतो. म्हणजे एखादी नोंद दोनदा दिसू शकते, आणि हे ठरवूनच केलेलं असतं, कारण दोनदा दिसलेली नोंद गाळता येते, हरवलेली परत आणता येत नाही. दुसरी, शांततेवरही लक्ष ठेवा. एखाद्या सर्व्हरचा लॉग यायचा थांबला तर तिथे सगळं ठीक आहे असं नाही, तो बोलू शकत नाही असाही अर्थ असतो. आमचा प्रत्येक सर्व्हर आता मिनिटाला एक 'मी आहे' ओळ पाठवतो, आणि ती आली नाही की आमच्या फोनवर सूचना येते. चाकणला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असली तरी ती ओळ आलीच पाहिजे.

नोंदी किती दिवस ठेवायच्या?

हा आता नुसत्या सोयीचा प्रश्न नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार कंपन्यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग चालू १८० दिवसांचे जपून ठेवायचे, ठरवून दिलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या एनटीपी सर्व्हरशी, जुळवायची. छोट्या आणि मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. भोसरी-चाकणमधले कितीतरी कारखाने याच गटात येतात.

जागा किती लागेल, याचा हिशोब करून बघा. सेकंदाला २०० ओळी आणि एक ओळ ३०० बाइटची धरली तर दिवसाला साधारण ५.२ जीबी होतात, १८० दिवसांचे सुमारे ९३० जीबी. लॉगमध्ये तेच ते शब्द पुन्हा येतात, त्यामुळे दाबून ठेवल्यावर तो अनेकदा दहाव्या भागावर येतो. म्हणजे तुमच्या फोनच्या मेमरीत मावेल इतका.

लॉगमध्ये काय लिहायचं नाही?

पासवर्ड, ओटीपी, यूपीआय पिन, आधार क्रमांक. कधीच नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण एका बगमुळे पासवर्ड झाकले जाण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. लॉग एका जागी आणला की तो शोधायला सोपा होतो, तसाच चोरायलाही. म्हणून तो कोण वाचू शकतं हे ठरवून ठेवावं लागतं, आणि लिहिलेली ओळ कुणालाही, आमच्यासारख्या इंजिनिअरलाही, बदलता येऊ नये.

तुमच्या फोनमध्येही लॉग असतो

अँड्रॉइड आपला लॉग मेमरीत ठरावीक जागेत ठेवतो. जागा भरली की जुन्या ओळी पुसून नव्या लिहितो. म्हणून अॅप बंद पडलं आणि तक्रार करायची असेल तर लवकर करा, दोन दिवसांनी त्या ओळी नसतील. डेव्हलपर ऑप्शन्स चालू केले की तिथे बग रिपोर्ट घ्यायची सोय असते. मात्र त्या फाइलमध्ये तुमची खासगी माहितीही असू शकते, ती अनोळखी माणसाला पाठवू नका. अँड्रॉइड १३ पासून एखाद्या अॅपला पूर्ण फोनचा लॉग हवा असेल तर तशी परवानगी मागितली जाते. कारण समजत नसेल तर नाही म्हणा.

आणि पैसे अडकले, ऑर्डर दोनदा गेली, तर स्क्रीनवरचा व्यवहार क्रमांक आधी जपून ठेवा. पलीकडे माझ्यासारखा कुणीतरी बसलेला असतो. 'साधारण दुपारी झालं' यापेक्षा तो क्रमांक त्याला फार उपयोगी पडतो.

थोडक्यात

- एचए सेवा वाचवते, नोंदी आपोआप वाचवत नाही.
- लॉग ज्या मशीनवर तयार होतो त्याच्या बाहेर, लगेच पाठवा.
- सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळवा, बसून असलेल्या सर्व्हरचंही.
- प्रत्येक विनंतीला क्रमांक द्या आणि रिपोर्टमध्येही तो दाखवा.
- नोंदी यायच्या थांबल्या तर कळलं पाहिजे.
- गुप्त माहिती लॉगमध्ये लिहू नका.
- आणि दोन सर्व्हरचे लॉग शेजारी ठेवून वाचल्याशिवाय माणसाला दोष देऊ नका.